कोंबडीच्या पायावर ब्लेड चालवण्याआधी तिच्या पायाखाली काय आहे ते बघा

गेल्या आठ दिवसांत आपल्या एमआयडीसीच्या तीन वेगवेगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच व्हिडिओ चार वेळा आला. एक माणूस कोंबडी उलटी धरतो, तळपायावरची काळी खपली दाखवतो, दाढीच्या ब्लेडनं ती कापतो, आतून पिवळा गोळा काढतो, खड्ड्यात हळद भरतो आणि चिंधी बांधतो. मागं गाणं. वर लिहिलंय, 'डॉक्टरला पैसे देऊ नका, दोन मिनिटांत घरच्या घरी ऑपरेशन.' खाली अंगठे, हात जोडलेले, 'मस्त माहिती भाऊ'.

मी पशुवैद्य नाही. एमआयडीसीत नोकरी करतो, घरी अकरा कोंबड्या आहेत. पण ज्यांना यातलं कळतं त्यांना विचारून, वाचून आणि आजूबाजूच्या पंधरा-वीस घरांतल्या कोंबड्यांचे पाय स्वतः उचलून बघून लिहितोय. पोस्ट लांब आहे. ज्यांच्याकडं कोंबड्या आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्याकडं नाहीत पण जे गावरान अंडी विकत घेऊन लेकराला खाऊ घालतात, त्यांनी तर वाचाच.

पहिलं म्हणजे, घरी उपचार करू नका असं मी म्हणत नाही. उलट, कोंबडीच्या पायाचं दुखणं सुरुवातीला घरीच बरं होतं. माझं भांडण ब्लेडशी आहे आणि मेडिकलमधून आणलेल्या माणसाच्या कॅप्सूलशी आहे. त्याहून मोठं भांडण आहे ते कोंबडी लंगडी होण्याचं कारण आपल्या अंगणात आणून टाकणाऱ्यांशी, आणि ती लंगडी झाल्यावर 'कापून खा' म्हणणाऱ्यांशी.

आधी हे दुखणं काय आहे ते बघू. इंग्रजीत त्याला बंबलफूट म्हणतात. आपल्याकडं कुणी तळव्याची गाठ म्हणतं, कुणी गळू, कुणी नुसतं 'पाय धरला'. कोंबडीच्या तळव्याला बारीक जखम होते किंवा एकाच जागी सतत दाब पडून कातडी मरते. तिथून जंतू आत शिरतात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस नावाचा. हा आपल्या कातडीवर आणि नाकातही राहतो. तळवा गरम होतो, सुजतो, मधोमध काळी टणक खपली धरते. कोंबडी पाय टेकवत नाही, एका पायावर उभी राहते, दाण्यावर शेवटी पोचते, मग वाळते, मग अंडं बंद.

आता व्हिडिओवाल्यांना जे माहीत नाही, किंवा माहीत असून सांगायचं नाही, ते ऐका. कोंबडीचा पू माणसासारखा वाहत नाही. माणसाच्या गळवाला तोंड पडलं की पू बाहेर येतो आणि ठणका कमी होतो. कोंबडीचा पू पातळ होतच नाही. तो पनीरसारखा घट्ट होतो आणि मांसात, कंडरांत मुळं धरल्यासारखा अडकून बसतो. म्हणून सुई टोचून काही येत नाही. मग माणूस ब्लेड घेतो, काही दिसलं नाही की आणखी खोल जातो. तळव्याखाली लगेच बोटं वळवणाऱ्या कंडरा आहेत, त्याखाली सांधा आणि हाड. तिथं भूल न देता, न उकळलेल्या ब्लेडनं, अंगणात बसून तुम्ही उकरताय. व्हिडिओ दोन मिनिटांत संपतो. पंधरा दिवसांनी ती कोंबडी कुठं आहे, हे कोणत्याच व्हिडिओत दाखवत नाहीत.

शेजारच्या भाभींनी हाच व्हिडिओ बघून दोन कोंबड्या कापल्या. एक चौथ्या दिवशी मेली. दुसरीचं बोट कायमचं वाकडं झालं. आणि भाभींच्या स्वतःच्या उजव्या हाताला नखुरडं झालं. ते कोंबडीच्या पुवामुळंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण हातात मोजा नव्हता, बोटाला आधीच विळीची चीर होती आणि पुवातला जंतू माणसाला धरणारा आहे. आठ दिवस कामावर जाता आलं नाही. ठेकेदाराकडं रोजावर काम, म्हणजे आठ दिवसांचा रोज गेला. दोन कोंबड्या वाचवायला निघालेल्या बाईचं नुकसान चार कोंबड्यांएवढं झालं. त्या 'मस्त माहिती भाऊ'वाल्यांपैकी कुणी ते भरून देणार आहे का?

आता कॅप्सूल. आपल्या भागात हे इतकं सर्रास आहे की कुणाला त्यात चूक वाटत नाही. मेडिकलवर जायचं, 'कोंबडीला पू झालाय, काहीतरी द्या' म्हणायचं, तो पाचशेची अॅमॉक्सिसिलिन काढून देतो. घरी आणून कॅप्सूल फोडायची आणि सगळ्या कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्यात टाकायची. आजारी एक, औषध दहाजणींना. मोजमाप नाही. दोन दिवस दिलं, कोंबडी जरा चालली, बंद केलं. पुन्हा सुजलं, पुन्हा दिलं.

यानं पाय बरा होत नाही. कारण त्या घट्ट गोळ्यात रक्त पोचत नाही आणि जिथं रक्त पोचत नाही तिथं औषध पोचत नाही. गोळा तसाच राहतो, आणि आजूबाजूचे जे जंतू त्या अर्धवट औषधातून वाचले ते पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देत नाहीत. हेच जंतू उद्या आपल्या पोराच्या जखमेत गेले तर डॉक्टर जी पहिली गोळी देणार, ती फुकट.

आणि अंडी? अंड्याचा बलक एका रात्रीत भरत नाही. शेवटचे साधारण दहा दिवस तो भराभर मोठा होतो आणि त्या दिवसांत कोंबडीच्या अंगात जे फिरतं ते त्यात साठतं. म्हणजे आज औषध बंद केलं तरी पुढचे कित्येक दिवस येणाऱ्या अंड्यात ते येऊ शकतं. आपण काय करतो? कोंबडी औषधावर असतानाची अंडी आपल्या घरी नको म्हणून विकून टाकतो. घेणारा म्हणतो, गावरान आहे, शुद्ध आहे, बाळंतिणीला न्या. पोल्ट्रीचं अंडं औषधाचं म्हणून पंधरा रुपये मोजून गावरान घ्यायचं आणि त्यात कुणी किती कॅप्सूल फोडल्या याचा पत्ता नाही! याला शुद्ध कोणत्या तोंडानं म्हणायचं?

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ साली एन्रोफ्लॉक्सासिनची कोंबड्यांसाठीची परवानगी काढून घेतली, कारण कोंबड्यांतून माणसांत जाणारे जंतू त्या जातीच्या औषधांना जुमानेनासे झाले होते. आपल्या केंद्र सरकारनं जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना आणि कोंबड्यांना देण्यासाठी बनवणं-विकणं बंद केलं. कारण माणसाच्या दवाखान्यात सगळं थकल्यावर जे शेवटचं औषध उरतं, त्यातलं ते एक आहे. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. २०१६ मध्ये सरकारनं तिच्यावर मोहीमही काढली होती. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, एवढाच तिचा अर्थ. चंदनझिऱ्यापासून नागेवाडीपर्यंत ती रेघ बघून कुणी औषध नाकारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

दुखऱ्या पायासाठी माणसाची डायक्लोफिनॅकची गोळी चुरून देणारेही आहेत. पन्नास मिलिग्रॅमची ती गोळी पन्नास-साठ किलोच्या माणसासाठी असते. तुमची कोंबडी दीड किलोची. याच औषधानं मेलेल्या जनावरांच्या मांसातून आपली गिधाडं संपवली. गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. कोंबडी गिधाडाइतकी नाजूक नाही, पण तीही पक्षीच आहे आणि तिची किडनी काही लोखंडाची नाही.

लोखंडावरून मूळ मुद्द्यावर येतो.

गावाकडं आमच्या आजीकडंही कोंबड्या होत्या. उकिरडा होता, माती होती, शेणानं सारवलेलं अंगण होतं. पाय सुजलेली कोंबडी क्वचित दिसायची. इथं एमआयडीसीला लागून असलेल्या वस्तीत मी ज्या घरात जातो तिथं एखादी तरी लंगडी आहे. कोंबडीची जात बदलली का? काही अंशी हो. गिरिराज, वनराज या गावरानपेक्षा वजनदार आणि जड अंगाचा भार तळव्यावर येतोच. पण खरा फरक जमिनीत आहे.

आपलं जालना सळईचं गाव. 'जालना सोने का पालना' म्हणायचे, आता लोखंडाचा म्हणा. भंगार वितळवायचं, बिलेट पाडायचं, सळई ओढायची. देशभर आपली सळई जाते, हजारो घरं त्यावर चालतात, माझंही चालतं. त्यामुळं कारखान्यांच्या नावानं बोटं मोडायला मी बसलेलो नाही. पण भट्टीतून निघणारी मळी, ती स्लॅग, जाते कुठं? रस्त्याच्या खड्ड्यात, प्लॉटच्या भरावात, वस्तीच्या बोळात. पावसाळ्यात चिखल होतो म्हणून लोकच हौसेनं एखादी ट्रॉली मागून घेतात, चांगला कडक भराव होतो म्हणून. कडक होतो खरा. पण तुटला की त्याच्या कडा काचेसारख्या असतात. त्यात तारेचे तुकडे, पत्र्याच्या कातरणी, वेल्डिंगच्या कांड्यांची टोकं. मी एकदा आमच्या बोळात चुंबक दोरीला बांधून ओढला. दहा पावलांत मूठभर माल निघाला. त्यावर कोंबडी दिवसभर उकरते. उकरणं हा तिचा धर्म आहे, ती थांबणार कशी?

रात्री काय? खुराड्यात बसायला दांडा लागतो. आपल्याकडं फुकट काय मिळतं? आठ-दहा एमएमच्या सळईचा तुकडा! निम्म्या खुराड्यांत मी तेच बघितलंय. ती सळई बारीक आहे आणि वर पीळ आहे. तो पीळ कशासाठी असतो? काँक्रीटनं सळई घट्ट धरावी म्हणून. कोंबडीच्या तळव्यानं रात्रभर धरून बसावं म्हणून नाही. बारा तास सगळा भार एका बोटभर रेषेवर. सकाळी छातीएवढ्या उंचीवरून खाली उडी, ती स्लॅगवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर. जखम व्हायला आणखी काय पाहिजे? आपल्या जालन्याची सळई स्लॅबला उत्तम. खुराड्यातून तेवढी काढा.

म्हणून घरचा उपचार खुराड्यापासून सुरू होतो. सळई काढून लाकडाचा दांडा लावा, दीड-दोन इंच जाडीचा, कडा घासून गोल केलेला, जमिनीपासून गुडघ्याएवढा. खाली कोरडा भुसा किंवा सोयाबीनचं भुसकट चार बोटं पसरा आणि ओलं झालं की बदला. ओल्या घाणीत तळवा मऊ पडतो आणि मऊ तळव्याला साधी काडीही टोचते. अंगणात चुंबक फिरवा. निदान खुराड्यापुढची दहा बाय दहाची जागा खरवडून तिथं काळी माती टाका. खायला नुसता मक्याचा भरडा आणि हॉटेलचं शिळं नको, शेवग्याचा पाला, पालक, मेथीच्या काड्या द्या. अ जीवनसत्त्व कमी पडलं की कातडी कमजोर होते. यात ज्याला शंभर रुपयांपेक्षा जास्त खर्च आला त्यानं मला सांगावं.

मग पाय. संध्याकाळी कोंबडी शांत असते तेव्हा फडक्यात गुंडाळून घ्या आणि आधी नीट बघा, कारण प्रत्येक लंगडी कोंबडी म्हणजे गाठ नव्हे. बोटांत नायलॉनचा दोरा अडकलाय का? सिमेंटच्या, खाद्याच्या गोण्यांचे धागे आपल्या वस्तीत सगळीकडं आहेत. दोरा आवळत जातो, बोट काळं पडतं आणि गळून जातं. लोक तिकडं हळद लावत बसतात आणि दोरा आत तसाच! बारीक कात्रीनं तो सोडवला की अर्धं काम झालं. नडगीवरचे खवले उचललेत, पांढरा भुगा दिसतोय? ती खरूज आहे, खवल्याखाली बारीक कीड असते. पाय धुऊन, जुन्या टूथब्रशनं हलकं घासून व्हॅसलीन किंवा खोबरेल दाट लावा, दर दोन-तीन दिवसांनी, काही आठवडे. कीड गुदमरून मरते. रॉकेल लावू नका, डिझेल तर नाहीच, कातडी भाजते. आणि तरुण कोंबडीचा एक पाय पुढं, एक मागं असा लुळा पडलाय, तळव्याला काही नाही, तर तो मरेक रोग असू शकतो. त्याला औषध नाही. त्याची लस पिल्लू एक दिवसाचं असताना द्यायची असते.

तळव्यालाच सूज आणि खपली असेल तर एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे साधं मीठ घालून दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवून धरा. हातात मोजे घाला. मोजे नसतील तर स्वच्छ पिशवी बांधा, पण उघड्या हातानं नको. घाण मऊ होऊन निघेल. कोरडा करा, पोव्हिडोन आयोडीन लावा, गॉज ठेवा आणि वरून पट्टी गुंडाळा. बोटं मोकळी राहिली पाहिजेत. बोटं थंड किंवा निळसर वाटली तर पट्टी आवळली आहे, लगेच सोडा. एक दिवसाआड हेच करा. कोंबडी वेगळी ठेवा, खोक्यात, कोरड्या भुशावर, कारण बाकीच्या तिला टोचतात आणि ती पळत राहिली तर पाय भरत नाही. खपली ओढून काढायची नाही. मऊ होऊन आपोआप सुटली तर सुटू द्या. दोन-तीन आठवडे लागतात. त्यात व्हिडिओ करण्यासारखं काही नाही, म्हणून कुणी करत नाही.

आणि घरचं कधी थांबवायचं? सूज तळव्यावरून वर बोटांत किंवा घोट्यात चढली, पाय दोन्ही बाजूंनी फुगला, आतला गोळा कडक लागतोय, कोंबडी खात नाही, किंवा आठ-दहा दिवस हे सगळं करून काडीचा फरक नाही, तर ते डॉक्टरचं काम आहे. कापायचं असेल तर त्यांनी कापावं, औषध द्यायचं असेल तर त्यांनी मापानं द्यावं आणि अंडी किती दिवस खायची नाहीत हेही त्यांनीच सांगावं.

इथं माझा दुसरा राग सुरू होतो.

एका सरकारी दवाखान्यात, नाव घेत नाही, मी शेजारच्या मावशींची कोंबडी घेऊन गेलो होतो. तिथल्या माणसानं पिशवीत डोकावून विचारलं, "गाय-म्हैस आहे का काही?" नाही म्हटलं. "मग एवढ्यासाठी आलात? कापून खा ना, भाऊ." आजूबाजूचे हसले. मावशीही हसल्या, गरीब माणूस लाजला की हसतो तशा. कोंबडी घेऊन आम्ही परत.

'कापून खा' म्हणणाऱ्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, पू झालेली, चार दिवस कॅप्सूल खाल्लेली कोंबडी तुम्ही स्वतः खाणार का? शिजवलं की जंतू मरतात, खरं आहे. पण हा जंतू अन्नात वाढला तर जे विष सोडतो ते उकळूनही पुरतं जात नाही, आणि औषधाचा अंशही फोडणीत जळून जातो असं नाही. दुसरी, हिशेब करा. तुम्ही म्हणता, पाचशेची कोंबडी, तिला तीनशेचा डॉक्टर कशाला? साधी गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. आपल्याकडं गावरान अंडं पंधराला जातं. म्हणजे एक कोंबडी वर्षाला हजार रुपये. मावशींकडं दहा आहेत. दहा हजार रुपये आणि वर पिल्लं. बिन भाड्याच्या जागेत, बिन पगाराच्या कष्टात हा त्या घरातला एकमेव पैसा आहे जो नवऱ्याला किंवा पोराला विचारावा लागत नाही. वह्या त्यातून, एसटीचं तिकीट त्यातून, माहेरची साडी त्यातून. तुम्ही एका कोंबडीची किंमत सांगताय, ती बाई त्यावर वर्ष काढते.

आणि हे फक्त चंदनझिऱ्याचं नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या-बदकं मोजली, त्यातली जवळपास ३१ कोटी ७० लाख परसातली होती. आधीच्या गणनेपेक्षा परसातल्या साधारण ४५ टक्क्यांनी वाढल्या, व्यापारी पोल्ट्रीतल्या पाच टक्केही नाही. सरकारला हे माहीत आहे. म्हणूनच योजना आहेत, अनुदानावर शंभर पिल्लांचा गट, पंचवीस तलंगा आणि तीन नर. वाटपाचा कार्यक्रम होतो, मंडप, हार, पिंजऱ्याला हात लावून फोटो. द्या, जरूर द्या. पण दिलेली तलंग तीन महिन्यांनी लंगडी झाली तर तिला घेऊन कुठं जायचं, तेही त्या मंडपात सांगा. कोंबडी देताना योजना आणि कोंबडी दुखली की 'कापून खा', असं कसं चालेल साहेब?

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण दुखणं घरीच दडपायची सवय महागात पडते. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला सुमारे आठशे कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याआधी २००६ साली देशात पहिल्यांदा तो सापडला तो आपल्याच राज्यात, नवापूरला. एका कोंबडीचा पाय सुजणं वेगळं. पण दोन दिवसांत चार-पाच पटापट मेल्या, तुरे निळे पडले, तोंडं सुजली, तर ना कॅप्सूल, ना हळद, ना रस्सा. हात न लावता कळवायचं. आता मला सांगा, लंगडी कोंबडी नेल्यावर ज्या माणसाला हसून परत पाठवलं, तो मेलेल्या कोंबड्या कळवायला येईल का? तो बोळाच्या टोकाला नेऊन फेकेल. कुत्रं खाईल, कावळा खाईल, आणि तुमची ती नियंत्रण कक्षाची यंत्रणा दोन आठवड्यांनी जागी होईल.

डॉक्टरांची बाजूही मला ठाऊक आहे. एका दवाखान्याला गावं किती, पदं रिकामी किती, लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाचं काम वेगळं. त्यांच्यातल्या एकांनीच मला दोऱ्याचं आणि पुवाचं समजावून सांगितलं, तेही ड्युटी संपल्यावर चहाच्या टपरीवर अर्धा तास उभं राहून. अशा माणसांना शिव्या घालायला ही पोस्ट नाही. म्हणूनच मागणी फार छोटी ठेवली आहे.

आठवड्यातला एक दिवस, दोन तास, एमआयडीसीच्या वस्त्यांसाठी कोंबड्यांची तपासणी. जागा आम्ही देऊ, टेबल आम्ही देऊ, गर्दी आवरायला पोरं आम्ही देऊ. १९६२ वर फोन केला की फिरतं पथक येतं असं सांगतात, तर कोंबडीसाठी फोन केला तरी नोंद झाली पाहिजे, किमान फोनवर सल्ला मिळाला पाहिजे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं वस्तीत येऊन एक दिवस बायकांना पाय धुणं-बांधणं करून दाखवावं, हॉलमध्ये स्लाइड लावून नव्हे. मेडिकलवाल्यांनी कोंबडीच्या नावानं अँटिबायोटिक देणं थांबवावं. औषध प्रशासनाकडं जायची वेळ आणू नका, तुम्हीही आमचेच आहात. आणि कारखान्यांच्या संघटनेनं वस्तीला लागून पडलेल्या मळीच्या आणि कातरणीच्या ढिगांचं काय करणार ते लेखी सांगावं. तुमचा माल राज्यभर वेळेवर पोचतो, तुमचा कचरा वस्तीतून हलवायला किती दिवस लागतील?

कुणीतरी कमेंट करणारच, 'एवढे प्रश्न पडलेत देशात आणि तुम्हाला कोंबडीचा पाय दिसतोय.' आधीच उत्तर देऊन ठेवतो. त्याच स्लॅगवर पोरं अनवाणी खेळतात. कोंबडी लहान आहे, हलकी आहे, तिला आधी टोचलं एवढंच.

ग्रुप अॅडमिनना विनंती, तो ब्लेडचा व्हिडिओ काढा. काढायचा नसेल तर त्याखाली ही पोस्ट तरी टाका. सोमवारी सकाळी अकरा वाजता जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयात निवेदन द्यायला जातोय. मावशी येणार आहेत, भाभीही येणार आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी खाली नाव लिहा. येताना कोंबडी आणू नका, उन्हात तिचे हाल होतात. पायाचा फोटो आणा, आणि ती ज्या जमिनीवर फिरते त्या जमिनीचाही.